पटत नाही, एवढंच सांगायचं असतं

माझ्याकडे येणाऱ्या कागदांतून जन्मदाखले आणि सातबाराचे उतारे बाजूला काढले, की उरतात ती भांडणं. नवरा-बायकोची, भावाभावांची, एखाद्या वेळी आई आणि मुलाची. पुण्यात वकिलांसाठी मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणारे पुष्कळ आहेत. कोणी शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास बसतं, कोणी माझ्यासारखं घरून करतं. वकील फोटो पाठवतात, मी टाइप करून पीडीएफ परत पाठवते. जबाब, जुनी पत्रं, नोटिशीला दिलेली उत्तरं, आणि हल्ली सगळ्यात जास्त म्हणजे व्हॉट्सॲपवरची संभाषणं. दोन माणसांनी रात्री दीड वाजता एकमेकांना काय काय सुनावलं, ते सकाळी चहा घेता घेता इंग्रजीत आणायचं, हा माझा धंदा. (पुढे जी उदाहरणं देते आहे त्यांतली माणसं, नाती, आकडे सगळं बदललेलं आहे. वाक्यांची ठेवण तेवढी खरी आहे.)

या धंद्याला लागणारं इंग्रजी एका अर्थी सोपं, कारण ते पाठ होतं. लग्न 'सॉलेमनाइझ' होतं आणि तेही 'ॲज पर हिंदू वेदिक राइट्स'. मूल 'आउट ऑफ द सेड वेडलॉक' जन्माला येतं. पटत नसेल तर 'टेम्परामेंटल डिफरन्सेस'. सासर म्हणजे 'मॅट्रिमोनियल होम', माहेर म्हणजे 'पेरेंटल होम', सख्खा भाऊ म्हणजे 'रिअल ब्रदर'. कोर्टातल्या सगळ्यांना हे इंग्रजी कळतं आणि कोर्टाबाहेर ते कोणीही बोलत नाही. बोटांना सवय झालेली असते, डोकं दुसरीकडे ठेवूनही पान उरकतं.

मग इंग्लंडमधल्या एका कज्ज्याचं काम आलं. मुलगी इथली, जावई तिकडे, लहान मूल. माझी पानं तिथल्या सॉलिसिटरकडे गेली आणि समासात प्रश्न लिहून परत आली. 'रिअल ब्रदर' म्हणजे नेमका कोण? कुटुंबात कोणी सावत्र किंवा दत्तक आहे, म्हणून हा शब्द मुद्दाम वापरला आहे का? प्रश्न अगदी नम्र होता. हिंदू विवाह कायद्यात सख्ख्या-सावत्र नात्यांसाठी 'फुल ब्लड', 'हाफ ब्लड' आणि एकाच आईच्या पण वेगळ्या वडिलांच्या मुलांसाठी 'युटेराइन ब्लड' असे शब्द आहेत. 'रिअल' कुठेच नाही. तो आपण आणला. बरं, 'ब्लड ब्रदर' म्हणावं तर इंग्रजीत तो बहुतेक वेळा रक्ताचा नसतो, शपथ घेऊन झालेला मानलेला भाऊ असतो.

दुसरा प्रश्न मुलाच्या ताब्याबद्दल होता आणि तो मला आजही पुरतो. आपल्याकडे 'कस्टडी' आणि 'व्हिजिटेशन' हे शब्द रोजचे. इंग्लंडमध्ये 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टनं 'कस्टडी' आणि 'ॲक्सेस' हे दोन्ही शब्द बाजूला केले आणि त्यांच्या जागी 'रेसिडेन्स' आणि 'कॉन्टॅक्ट' आणले. 2014 मध्ये तेही गेले आणि 'चाइल्ड अरेंजमेंट्स ऑर्डर' आली. आता हुकमात लिहिलेलं असतं की मूल कोणासोबत 'लिव्हज' आणि कोणासोबत 'स्पेंड्स टाइम'. याचं कारण कळायला 'कस्टडी'च्या शेजारी कोण कोण बसतं ते पाहावं. 'विन कस्टडी', 'लूज कस्टडी', 'फाइट फॉर कस्टडी', 'कस्टडी बॅटल'. मूल म्हणजे जणू किल्ला. एकदा हा शब्द वापरला की आईबापांच्या हातात बाकीची हत्यारं आपोआप येतात. वर्तमानपत्रं अजून तेच छापतात, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा मी इंग्रजी पुन्हा शिकायला बसले. व्याकरण नव्हे, शब्दांच्या जोड्या. इंग्रजी शिकवणारे याला कोलोकेशन म्हणतात. मराठीत आपण रोज हेच करतो. थंडी कडाक्याची आणि भांडणही कडाक्याचं, पण पाऊस मुसळधार. सूत जुळतं, गट्टी जमते, लळा लागतो, अबोला धरतात, भांडण उकरून काढतात. लळा जमला किंवा गट्टी लागली असं पाच वर्षांचं पोरही म्हणत नाही आणि का म्हणत नाही ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. इंग्रजीतलं कडाक्याचं भांडण म्हणजे 'ब्लेझिंग राउ'. स्पेलिंग रांगेच्या 'रो'चंच, उच्चार मात्र राउ. मैत्री 'स्ट्राइक अप' करतात, गप्पाही 'स्ट्राइक अप' करतात. पक्के मित्र 'फर्म फ्रेंड्स' असतात, 'स्ट्राँग फ्रेंड्स' नसतात. मैत्री मात्र 'स्ट्राँग' चालते. याला कारण विचारायचं नाही.

मी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या पिढीतली, सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळेतली. आम्हाला इंग्रजी शब्द सुटे सुटे मिळाले. वहीच्या मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. या पद्धतीत 'ग्रज' म्हणजे आकस हे कळतं, पण तो आकस इंग्रजीत करतात, ठेवतात की बाळगतात, ते कळत नाही. तो 'बेअर' करतात किंवा 'होल्ड' करतात. ब्रिटिश मंडळी जास्त करून 'बेअर'. शिवाय 'नर्स' करतात, म्हणजे जोपासतात. आपणही डूख धरतो आणि वैर जोपासतो, तेव्हा माणूस इकडून तिकडून सारखाच.

या जोड्यांवर मुद्दाम काम करणारी माणसं इंग्लंडपासून लांब बसली होती, हे वाचून मला मजा वाटली. हॅरोल्ड पामर 1920 च्या दशकात तोक्योला गेले, जपानी मुलांना इंग्रजी नेमकं कुठे अडतं ते पाहिलं आणि 1933 मध्ये इंग्रजी कोलोकेशन्सवरचा अहवाल तिथेच काढला. आणि ज्यांच्यामुळे भाषाशास्त्रात ही संज्ञा रुळली ते जे. आर. फर्थ 1928 पर्यंत लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, हे त्यांचं 1957 मधलं वाक्य भाषेच्या अभ्यासकांना तोंडपाठ असतं. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या कधीच बांधून झालेला आहे.

आणि गुण खरंच लागतो. 'हार्बर' म्हणजे बंदर, आसरा. पण क्रियापद म्हणून त्याच्या पुढे काय येतं? संशय, कटुता, राग, आणि फरारी गुन्हेगार. मी हे अंदाजानं सांगत नाही. अमेरिकी इंग्रजीचा एक मोठा मजकूरसंग्रह मार्क डेव्हिस या प्राध्यापकांनी नेटवर ठेवला आहे, 100 कोटींहून जास्त शब्दांचा. नाव नोंदवलं की फुकटात शोधता येतं. एखादा शब्द टाकायचा आणि त्याच्या डावी-उजवीकडे काय येतं ते बघत बसायचं. ऑक्सफर्डनं 2002 मध्ये फक्त जोड्यांचा कोश काढला, तोही माझ्याकडे आहे. पण कोशात जोडी दिसते, तिचा सूर दिसत नाही. त्यासाठी मी ब्रिटिश वर्तमानपत्रांतली सल्ल्याची सदरं वाचते. अमक्या गावची एक बाई लिहिते की तिची बहीण आईच्या अंत्यविधीपासून तिच्याशी बोलत नाही, आणि सदरातल्या ताई तिला उत्तर देतात. नात्यांचं इतकं ताजं इंग्रजी दुसरीकडे कुठे मिळत नाही. चहाटळपणाही भागतो.

आता मुद्द्याचं. नात्यांच्या बाबतीत जोडी निवडणं म्हणजे दोष कोणाच्या पदरात घालायचा ते ठरवणं. माझ्या धंद्यात तर निखालस.

मराठीत नातं बहुतेक वेळा आपलं आपणच काहीतरी करतं. दुरावा येतो. पटेनासं होतं. बोलणं बंद होतं. घर फुटतं. कोणी केलं, याचं उत्तर वाक्यात नसतंच, आणि आपल्याला ते सोयीचं असतं. इंग्रजीतही अशा जोड्या आहेत, पण त्या शोधाव्या लागतात. 'ड्रिफ्ट अपार्ट' म्हणजे प्रवाहात वाहत लांब गेलो, कोणी वल्हं मारलं नाही. 'ग्रो अपार्ट' त्याच्या जवळचं, पण त्यात दोघं वाढली, बदलली, हे गृहीत धरलेलं. 'फॉल आउट' म्हटलं की मध्ये भांडण झालेलं आहे. 'डिस्टन्स वनसेल्फ' म्हणजे एकानं जाणूनबुजून अंतर राखलं. आणि 'वॉक आउट ऑन' म्हणजे कोणीतरी दार आपटून गेलेलं आहे, मागे राहिलेल्याला वाऱ्यावर सोडून.

एका संभाषणात बायकोचं वाक्य होतं: 'आपण लांबच होत गेलो रे, मीपण काही केलं नाही.' मी लिहिलं, 'वी ड्रिफ्टेड अपार्ट'. नवऱ्याच्या बाजूचे वकील होते, त्यांचा फोन आला.

"ताई, ते 'ड्रिफ्टेड' जरा मिळमिळीत वाटतंय. 'डिस्टन्स्ड' टाकता येईल का?"

"मग कोणी कोणाला, ते लिहावं लागेल सर. तिनं 'आपण' म्हटलंय."

"आपण म्हणजे तुम्ही असंही होतं की. आदरार्थी."

"सर, त्याच वाक्यात नवऱ्याला 'रे' म्हणणारी बाई आदरार्थी 'आपण' कशाला म्हणेल?"

हसले आणि सोडून दिलं. भले गृहस्थ आहेत. अर्ज त्यांचा असतो, त्यात त्यांनी हवं ते लिहावं. सोबत जोडलेल्या कागदाचं भाषांतर माझं, त्याखाली माझी सही असते.

'डेझर्ट'चं, म्हणजे जोडीदाराला टाकून जाण्याचं, तर बोलायलाच नको. घर सोडून गेली, हे मराठीत सहज म्हटलं जातं. दोन दिवस बहिणीकडे गेली तरी म्हणतात. पण हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात 'डेझर्टेड' हे घटस्फोटाचं कारण आहे आणि त्याला अर्जाआधीची सलग दोन वर्षं लागतात. म्हणून मूळ कागदात नुसतं 'गेली' असेल तर मी 'लेफ्ट' लिहिते. क्रूरतेचंही तसंच. घटस्फोटाच्या कायद्यात जोडीदाराला क्रूरतेनं वागवलं, 'ट्रीटेड विथ क्रुएल्टी'. फौजदारी कलमात, म्हणजे 1983 मध्ये आलेल्या 498-अ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या 85 व्या कलमात, 'सब्जेक्ट्स टु क्रुएल्टी'. त्रास तोच, बाई तीच, पण कुठली जोडी वापरली त्यावरून जाणकार माणूस ओळखतो की हा कागद कुठल्या कोर्टाच्या दिशेनं निघाला आहे. आणि हिंदू विवाह कायद्याच्याच नवव्या कलमातली ती गमतीदार जोडी: 'विदड्रॉन फ्रॉम द सोसायटी ऑफ द अदर'. इथे सोसायटी म्हणजे सहवास. नोटीस मिळालेल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "सून सोसायटीतून गेली हे खरं आहे, पण फ्लॅट अजून मुलाच्याच नावावर आहे, मग हे कशाला लिहिलं?"

'लग्न मोडलं' हे वाक्य दिसलं की मी आधी फोन करते. ठरलेलं मोडलं की झालेलं? साखरपुड्यानंतर फिस्कटलं तर 'ब्रोक ऑफ द एंगेजमेंट'. तारीख, हॉल, पत्रिका सगळं होऊन रद्द झालं तर 'कॉल्ड ऑफ द वेडिंग'. संसार सुरू होऊन मोडला तर 'द मॅरेज ब्रोक डाउन'. पहिल्या दोनांत माणूस मोडतो, तिसऱ्यात लग्न आपलं आपण बंद पडतं. क्रियापद तिन्हीकडे बदलतं आणि मराठी बाई तिन्ही वेळा तेच पाच अक्षरी वाक्य म्हणते.

'संबंध' हा शब्द तर वाघरूच. शेजाऱ्याच्या जबाबात असतं: 'माझे त्या कुटुंबाशी चांगले संबंध होते.' बिचारा सांगतोय की दिवाळीला फराळाचं ताट येत-जात होतं. इंग्रजीत 'गुड' हे विशेषण गळलं आणि कुटुंबाच्या जागी बाईचं नाव आलं, की 'हॅड रिलेशन्स विथ'चा अर्थ भलताच होतो. तेव्हा सरळ 'ऑन गुड टर्म्स विथ' लिहावं. ही 'टर्म्स'ची जोडी फार कामाची आहे. 'ऑन फर्स्ट-नेम टर्म्स' म्हणजे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारण्याइतकी ओळख, 'ऑन फ्रेंडली टर्म्स' म्हणजे सलोखा, 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' म्हणजे बोलाचाली बंद.

पण अबोला म्हणजे 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' का? त्यात दोघंही बोलत नाहीत आणि ते बरेच दिवस चाललेलं आहे. एकानंच धरला असेल, दुसऱ्याला शिक्षा म्हणून, तर 'गिव्ह समवन द सायलेंट ट्रीटमेंट'. आणि आपल्याकडे लाडाचाही अबोला असतो, जो धरणारी मनातल्या मनात वाट बघत असते, त्याला काय म्हणायचं? कोर्टातल्या कागदात लाडाचा अबोला येत नाही, त्यामुळे माझं अजून अडलेलं नाही. सासूनं सुनेशी धरलेला मात्र वारंवार येतो आणि तिथे 'सायलेंट ट्रीटमेंट' चपखल बसतं.

हे सगळं मी शिकत असताना माझी भाची आयईएलटीएसची तयारी करत होती, आयर्लंडला मास्टर्ससाठी. तिच्या क्लासनं नात्यांवरच्या 'ॲडव्हान्स्ड' जोड्यांची झेरॉक्स दिली होती आणि सांगितलं होतं की प्रत्येक उत्तरात यातल्या तीन तरी यायला हव्यात. त्या परीक्षेत शब्दसंपत्तीला वेगळे गुण असतात आणि सातच्या बँडच्या, म्हणजे गुणश्रेणीच्या, वर्णनात कोलोकेशनचं भान असा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे क्लासवाल्यांचं अगदीच चुकतं असं नाही. पण भान म्हणजे पेरणी नव्हे. शेजारच्या काकूंबद्दल बोलताना ती म्हणाली की आमचं 'लाइक अ हाउस ऑन फायर' जमतं.

"मावशी, हे ॲडव्हान्स्ड आहे ना?"

"आहे. पण ते ओळख झाल्या झाल्या ज्यांचं जमतं त्यांच्यासाठी आहे. तू जन्मल्यापासून काकूंच्या ओट्यावर आहेस. त्या तुझ्यासाठी काय करतात ते सांग बघू."

"आई सेकंड शिफ्टला असली की मला जेवायला बोलवायच्या. दहावीत गणित घेतलं माझं. बाबा गेले तेव्हा महिनाभर रोज आल्या."

मग आम्ही तेच इंग्रजीत केलं. 'शी टुक मी अंडर हर विंग.' 'शी ट्रीटेड मी लाइक वन ऑफ द फॅमिली.' 'शी स्टुड बाय अस व्हेन माय फादर डाइड.' तिच्या झेरॉक्सवर यातलं एकही नव्हतं. तिथे 'टाय द नॉट', 'हेड ओव्हर हील्स' आणि 'ओल्ड फ्लेम' होते. बावीस वर्षांच्या पोरीला परीक्षकासमोर 'ओल्ड फ्लेम'चं, म्हणजे जुन्या प्रेमाच्या माणसाचं, काय काम? त्यापेक्षा 'नॉडिंग ॲक्वेंटन्स' शिक म्हटलं. मान हलवण्यापुरती ओळख, आपली तोंडओळख. परदेशात पहिलं वर्षभर बहुतेक माणसांशी तेवढंच असणार आहे.

माझं मत विचाराल तर नात्यांच्या जोड्या विषयवार याद्या करून शिकूच नयेत. प्रेम, लग्न, घटस्फोट असे मथळे आणि खाली दहा-दहा जोड्या, हे पाठ होतं आणि आठवड्यात उडून जातं. मी एक घटना घेते, तीही खरी, ऐकलेली किंवा वाचलेली, आणि ती दोन्ही बाजूंनी लिहून काढते. आधी ती सांगेल तशी, मग तो सांगेल तशी. तिच्या बाजूनं तो 'ब्रोक हर ट्रस्ट', त्याच्या बाजूनं त्यांच्यात 'अ मिसअंडरस्टँडिंग अरोज'. तिच्या बाजूनं तो 'पिक्ड अ फाइट', त्याच्या बाजूनं 'थिंग्ज गॉट हीटेड'. भावांचं असेल तर मोठ्याच्या बाजूनं धाकट्यानं 'कट ऑफ ऑल टाइज', धाकट्याच्या बाजूनं ते दोघं नुसते 'लॉस्ट टच'. असं केलं की जोड्या एकमेकींसमोर उभ्या राहतात आणि डोक्यातून जात नाहीत. शिवाय माणसं आपापली बाजू कशी सावरून बोलतात तेही कळतं, ते फुकट.

सध्या टेबलावर एक तक्रार आहे. त्यात वाक्य आहे: 'लग्नात मुलाच्या मामांचा रुसवा काढण्यासाठी माझ्या वडिलांना अकरा हजार रुपये द्यावे लागले.' रुसला म्हणजे 'टुक ऑफेन्स'. रुसवा काढणं म्हणजे 'प्लॅकेट'. 'मेक अप विथ' नको, त्यात दोघांचं भांडण झालेलं असतं, आणि इथे वधूपित्यानं काही केल्याचं दिसत नाही. खरी मेख 'द्यावे लागले' मध्ये आहे. 'डिमांडेड' लिहिलं तर 1961 चा हुंडाबंदीचा कायदा दारात येऊन उभा राहतो, आणि मूळ वाक्यात मागणी नाही. 'गेव्ह' लिहिलं तर वडिलांनी खुशीनं पाकीट दिलं असं होतं, आणि तेही मूळ वाक्यात नाही. 'हॅड टु पे' लिहिलं. मामा कशावरून रुसले होते, ते कागदात कुठेच नाही. अकरा हजार अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहिलेत.